युद्धनौकेच्या सांगाड्याचा खर्च कसा काढतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझगाव डॉकमधून एखादी युद्धनौका नौदलाकडे सुपूर्द झाली की बातमीत हजारो कोटींचा एक आकडा छापून येतो. त्यात पोलादाचा, वेल्डिंगचा, म्हणजे प्रत्यक्ष नौका उभी करण्याचा वाटा किती आणि तो बांधणी सुरू होण्याआधी कसा ठरवतात, हे प्रश्न नेव्हल आर्किटेक्चरचे विद्यार्थी, गोदीत नव्याने रुजू झालेले डिप्लोमा इंजिनिअर आणि संरक्षणविषयक मजकूर आवडीने वाचणारे लोक पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांतले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

सांगाडा म्हणजे नेमके काय काय धरायचे?

खर्चाच्या हिशेबात निम्मे घोळ इथेच होतात. अमेरिकी नौदलाच्या वर्गवारीत नौकेचे काम शंभराच्या पटीतल्या गटांत विभागलेले असते. 100 म्हणजे हलचा (नौकेच्या मुख्य धडाचा) सांगाडा, 200 प्रणोदन (नौका चालवणारी यंत्रणा), 300 वीज, 400 रडार व संपर्क, 500 पंप-पाइप-वातानुकूलन यांसारख्या सहायक यंत्रणा, 600 आतली सजावट व रंग, 700 शस्त्रे. 800 मध्ये अभियांत्रिकीचे काम येते आणि 900 मध्ये जुळणीला लागणाऱ्या सेवा. इतर देशांच्या पद्धती तपशिलात वेगळ्या असल्या तरी विचार साधारण असाच असतो.

100 च्या गटात बाहेरची प्लेट, डेक, बल्कहेड (आतल्या उभ्या भिंती), सुपरस्ट्रक्चर (मुख्य डेकच्या वरचे बांधकाम) आणि मास्ट हे सगळे येते. यंत्रांखालचे पायेही इथेच येतात, आणि नवखा माणूस हमखास विसरतो ते हेच. सुरुवातीच्या ड्रॉइंगमध्ये ते दिसत नाहीत, कारण कोणता पंप येणार हेच तेव्हा ठरलेले नसते. पण नौका पूर्ण होईपर्यंत लहान-मोठे शेकडो पाये बनवावे लागतात, प्रत्येक वेगळ्या मापाचा. वजन थोडे, काम भरपूर.

परांची, क्रेन, तात्पुरते आधार यांचा खर्च 900 मध्ये जातो आणि रंगाचा 600 मध्ये. त्यामुळे कोणी "स्ट्रक्चरचा खर्च अमुक" असे सांगितले, तर त्यात परांची आणि रंग धरले आहेत का, हे आधी विचारावे.

एकूण किमतीत सांगाड्याचा वाटा मोठा असतो का?

वजनात मोठा असतो, पैशात तितका नाही. विनाशिकेसारख्या नौकेत रिकाम्या नौकेच्या वजनापैकी एक-तृतीयांश किंवा त्याहून जास्त भाग सांगाड्याचा असतो. किमतीचा मोठा हिस्सा मात्र क्षेपणास्त्रे, रडार, सोनार आणि गॅस टर्बाइन घेऊन जातात.

तरीही सांगाड्याचा अंदाज नीट काढायला हवा, याचे कारण वेळापत्रक. ब्लॉक (नौकेचा वेगळा बांधून मग जोडायचा तुकडा) उभा राहिल्याशिवाय पाइप बसत नाही, पाइप बसल्याशिवाय केबल पुढे जात नाही. सांगाड्याचे काम सहा महिने मागे पडले, तर मागून येणारी सगळी महागडी कामे सहा महिने थांबतात आणि गोदीचा स्थिर खर्च चालूच राहतो. तो खर्च शेवटी कोणत्या ना कोणत्या गटाच्या नावे पडतोच, पण 100 च्या रकान्यात तो दिसत नाही.

टनाला अमुक रुपये असा दर लावून अंदाज काढता येतो का?

सुरुवातीला तेच करतात. संकल्पनेच्या टप्प्यावर हातात लांबी, रुंदी, अंदाजे वजन एवढेच असते. पूर्वी बांधलेल्या नौकांचे वजन आणि त्यांना लागलेले मनुष्य-तास (एका माणसाचे एका तासाचे काम म्हणजे एक मनुष्य-तास) घेऊन एक संबंध बसवायचा आणि तो नव्या नौकेला लावायचा. घर बांधताना कंत्राटदार चौरस फुटाचा दर सांगतो, तसाच हा प्रकार. पहिल्या बैठकीपुरता ठीक, पण करार करायला अपुरा.

अडचण अशी की सगळे टन सारखे नसतात. तळाची जाड, सपाट प्लेट आणि सुपरस्ट्रक्चरची पातळ प्लेट यांची तुलना करा. 10 मिलिमीटर जाडीच्या प्लेटचे वजन चौरस मीटरला 78.5 किलो, 5 मिलिमीटरच्या प्लेटचे त्याच्या निम्मे. पण दोन्हींना कापायच्या कडा तेवढ्याच, स्टिफनर (प्लेट ताठ राहावी म्हणून जोडलेल्या पट्ट्या) जवळपास तेवढेच आणि वेल्डची लांबीही तेवढीच. म्हणजे पातळ पॅनेलला टनामागे तास साधारण दुप्पट लागले. शिवाय पातळ प्लेट उष्णतेने वाकते, तिच्यावर लाटा उठतात. मग त्या ज्योत आणि पाणी मारून सरळ करत बसावे लागते. हे सरळ करण्याचे काम ड्रॉइंगवर कुठेच लिहिलेले नसते.

नौकेचा टोकाचा, दुहेरी वाकाचा भाग आणि मधला सरळ भाग यांतही असाच फरक पडतो. म्हणून निदान नाळ (पुढचे टोक), मधला भाग, वरवा (मागचे टोक), सुपरस्ट्रक्चर आणि पाये यांना वेगवेगळे दर लावावेत. एकच सरासरी दर लावून दिलेल्या अंदाजावर मी तरी सही करणार नाही.

वजन कमी केले की खर्च कमी होतो, हे खरे ना?

नेहमी नाही. वजनावरच सगळे गणित बांधले की रचनाकाराला वाटते, नौका आखूड केली, डेकची उंची कमी केली, की पैसे वाचले. प्रत्यक्षात त्याच यंत्रणा कमी जागेत कोंबाव्या लागतात. वेल्डरला हात घालायला जागा राहत नाही, एक पाइप बसवायला दुसरा काढावा लागतो, आणि टनामागचे तास चढतात. थोडी ऐसपैस नौका पोलाद जास्त खाते, पण बांधायला आणि पुढे तीस वर्षे दुरुस्त करायला स्वस्त पडू शकते.

हलक्या साहित्याचेही असेच. अमेरिकेच्या झुमवॉल्ट वर्गातल्या पहिल्या दोन विनाशिकांचे डेकहाऊस (डेकवरचे बांधकाम) कंपोझिटचे, म्हणजे तंतू आणि रेझिन यांच्या मिश्र साहित्याचे आहे. तिसऱ्या नौकेला खर्चाचा विचार करून पोलादी डेकहाऊस देण्यात आले. भारतात कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधलेल्या 'आयएनएस किल्तान'ला कार्बन फायबर कंपोझिटचे सुपरस्ट्रक्चर आहे. वरचे वजन कमी झाले की नौकेच्या स्थैर्याला मदत होते, हा फायदा खरा आहे. पण त्यासाठी टनाचा पोलादी दर वापरता येत नाही. साचे, रेझिन आणि पोलादाशी जोडणी यांचा हिशेब मुळापासून मांडावा लागतो.

पोलादाचा खर्च काढताना बाजारभाव चालतो का?

नाही. बांधकामाच्या सळईचा भाव पाहून युद्धनौकेच्या प्लेटचा अंदाज येत नाही. भारतात आज बहुतेक नौकांना डीएमआर 249ए हे पोलाद लागते. हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान संशोधन प्रयोगशाळेने ते विकसित केले आणि 'सेल' या सरकारी पोलाद कंपनीच्या कारखान्यांनी तयार केले. 'विक्रांत'च्या उड्डाण-डेकसाठी डीएमआर 249बी वापरले. कमी तापमानातही ठिसूळ होऊ नये, स्फोटाचा धक्का सोसावा आणि सहज वेल्ड व्हावे, या अटी एकाच वेळी पाळणारी प्लेट स्वस्त असूच शकत नाही. तिच्या चाचण्यांचा खर्च वेगळा.

त्यातही तीन गोष्टी धरायच्या राहून जातात. एक, रोलिंग मिलला किमान इतक्या टनांची ऑर्डर लागते. तुम्हाला एका जाडीची चारच प्लेट हवी असेल, तरी मिल त्यासाठी रोल बदलणार नाही. म्हणून जाड्यांचे प्रकार जितके कमी तितके बरे. दुसरी गोष्ट कापणीतली भंगार. निव्वळ वजनावर खर्च काढणे ही नवख्यांची नेहमीची चूक. खरेदी ढोबळ, म्हणजे भंगारासकटच्या वजनाची होते. आणि तिसरी म्हणजे बल्ब बार. स्टिफनरसाठी लागणारे हे सेक्शन प्लेटइतके सहज मिळत नाहीत. त्यांचा दर आणि मुदत दोन्ही वेगळी लिहावी.

देशी पोलाद येण्याआधी रशियन पुरवठ्यावर अवलंबून राहावे लागे आणि त्याची किंमत वेळेतही मोजावी लागली. त्याबद्दल खाली लिहिले आहे.

मनुष्य-तास नेमके कसे मोजतात?

हा सगळ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून थोडे सविस्तर.

ड्रॉइंग हातात आले की वजन बाजूला ठेवायचे आणि काम मोजायचे: किती मीटर कापणी, किती मीटर फिटिंग, किती मीटर वेल्डिंग, किती भाग वाकवायचे, किती वेळा क्रेनने उलटायचे. प्रत्येक कामाला गोदीचा स्वतःचा प्रमाण-वेळ लावायचा. दुसऱ्या गोदीचा आकडा उचलून चालत नाही, कारण तिथली यंत्रे वेगळी, माणसे वेगळी, मोजण्याची पद्धतही वेगळी.

एक पॅनेल घेऊन पाहू. 12 मीटर लांब प्लेट, तिच्यावर 15 स्टिफनर, प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी फिलेट वेल्ड (कोपऱ्यात भरलेला त्रिकोणी छेदाचा सांधा). लांबी झाली 360 मीटर. ड्रॉइंगवर वेल्डची लेग (त्या त्रिकोणाची बाजू) 5 मिलिमीटर असेल तर त्रिकोणी छेदाचे क्षेत्रफळ 12.5 चौरस मिलिमीटर, आणि भरावा लागणारा धातू सुमारे 35 किलो. लेग 6 मिलिमीटर केली की क्षेत्रफळ 18 आणि धातू सुमारे 51 किलो. एका मिलिमीटरने 44 टक्के धातू वाढला. हाताने वेल्डिंग असेल तर वेळही त्याच बेताने वाढतो, उष्णता जास्त जाते, प्लेट जास्त वाकते आणि सरळ करण्याचे तास वाढतात. रचनाकाराने "असू दे थोडे जास्त" म्हणून लिहिलेला, किंवा वेल्डरने खबरदारी म्हणून चढवलेला तो एक मिलिमीटर शेकडो पॅनेलांवर पसरला की किती होतो, याचा विचार करा. वेल्ड-गेज (वेल्डचे माप तपासायची पट्टी) हे खर्च नियंत्रणाचे साधन आहे, हे मी अगदी मनापासून सांगतो.

मग वेल्डची स्थिती. खाली पाहून केलेले वेल्डिंग सर्वांत जलद, उभे त्याहून सावकाश, डोक्यावरचे सर्वांत सावकाश. ब्लॉक उलटा बांधून डोक्यावरचे काम पायाखाली आणता येते. उलटवण्याचा क्रेनचा खर्च आणि वाचलेले तास यांचा ताळा घालूनच बांधणीची पद्धत ठरते. याच्यावर तपासणी येते: रेडिओग्राफी, अल्ट्रासोनिक आणि त्यात नापास झालेल्या सांध्याची दुरुस्ती. दुरुस्तीचे प्रमाण गोदीच्या जुन्या नोंदींतून घ्यावे, आशेवर धरू नये.

एखादे उदाहरण आकड्यांसह सांगाल का?

खालचे दर केवळ गणितासाठी गृहीत धरले आहेत. कोणत्याही गोदीचे नाहीत.

समजा, ब्लॉकचे निव्वळ वजन 60 टन. खरेदीच्या 12 टक्के भंगार जाते, म्हणून खरेदी सुमारे 68.2 टन. टनाला 2 लाख रुपये धरले तर पोलाद 1 कोटी 36 लाखांचे. टनाला 250 तास धरले तर 15,000 मनुष्य-तास, आणि मजुरी व वरकड खर्च मिळून तासाला 1,200 रुपये धरले तर 1 कोटी 80 लाख. वेल्डिंगचे साहित्य, गॅस, तपासणी सध्या बाजूला ठेवू.

आता पोलाद 10 टक्क्यांनी महागले, तर फरक पडतो साडेतेरा लाखांचा. खरेदी विभागात चर्चा मात्र याच फरकाची सर्वांत जास्त होते.

दुसरीकडे, यंत्रांखालच्या पायांची ड्रॉइंग वेळेवर आली नाहीत म्हणून ब्लॉकच्या टप्प्यावर व्हायचे 2,000 तासांचे काम नौकेवर ढकलले, असे समजू. पुढच्या प्रश्नातल्या नियमाने त्याचे 5,333 तास होतात. वाढले 3,333 तास, म्हणजे सुमारे 40 लाख रुपये. पोलादाच्या भाववाढीच्या जवळपास तिप्पट, तेही एका ब्लॉकमध्ये.

"एक-तीन-आठ" हा नियम काय आहे?

जहाजबांधणीत चालणारा हा अनुभवाचा ठोकताळा आहे. शॉपमध्ये (गोदीच्या कार्यशाळेत) जे काम एका तासात होते, त्याला ब्लॉकवर तीन तास आणि नौका उभी राहिल्यावर आत जाऊन करायला आठ तास लागतात. प्रत्येक गोदीचे प्रमाण थोडे वेगळे असते, पण दिशा सगळीकडे हीच. नौकेच्या आत काम करणाऱ्या माणसाचा वेळ कुठे जातो ते पाहिले की कारण कळते: शिडी, परांची, वायुवीजन, आग-पहारा, केबल ओढत नेणे आणि वरच्या डेकवर कोणी दुसरा काम करत असेल तर थांबणे.

म्हणूनच गोद्यांनी एकात्मिक बांधणीकडे मोर्चा वळवला. पाइप, ट्रंकिंग (हवेच्या वाहिन्या), पाये हे सगळे ब्लॉकमध्येच बसवून मग मोठा ब्लॉक उचलायचा. त्यासाठी छताखालची जागा आणि मोठी क्रेन लागते. माझगाव डॉकने आधुनिकीकरणात मॉड्यूल वर्कशॉप आणि 300 टनांची गोलियाथ क्रेन उभी केली ती याच कारणाने. 'निलगिरी' वर्गाच्या सात फ्रिगेटी, चार मुंबईत आणि तीन कोलकात्यात, याच पद्धतीने बांधायला घेतल्या. अंदाज काढणाऱ्याला यातून एक काम वाढते. किती तास हे पुरेसे नाही. कोणत्या टप्प्यावर, हेही लिहावे लागते.

दुसरी, तिसरी नौका स्वस्त पडते का?

तास कमी लागतात, हे नक्की. 1936 मध्ये टी. पी. राइट यांनी विमान कारखान्यांसाठी मांडलेला अनुभव-वक्र इथेही वापरतात. 90 टक्क्यांचा वक्र (नौकांची संख्या दुप्पट झाली की एका नौकेचे तास 90 टक्क्यांवर येतात) धरला तर पहिल्या नौकेला 100 तास लागले असता दुसरीला 90, तिसरीला सुमारे 84.6 आणि चौथीला 81. चारही नौकांची सरासरी 89 च्या आसपास.

दुसऱ्या महायुद्धातली लिबर्टी जहाजे हे याचे टोकाचे उदाहरण. 2,710 जहाजे बांधली गेली. पहिल्याला 244 दिवस लागले होते, पुढे सरासरी 42 दिवसांवर आली. पण ती एकाच आराखड्याची मालवाहू जहाजे होती. आपल्याकडे 'विशाखापट्टणम' वर्गात चारच विनाशिका आहेत: 2021 मध्ये 'विशाखापट्टणम', 2022 मध्ये 'मुरगाव', 2023 मध्ये 'इम्फाळ' आणि जानेवारी 2025 मध्ये 'सुरत'. चार नौकांच्या मालिकेत वक्राचा फायदा मिळतो, पण मधेच रचना बदलली किंवा दोन मागण्यांमध्ये मोठा खंड पडला की शिकलेले हात पांगतात आणि वक्र पुन्हा वर चढतो. वक्र फक्त तासांना लावा. पोलादाच्या किमतीला लावू नका.

रचना पूर्ण नसताना बांधणी सुरू केली तर?

तर अंदाजाचा आधारच जातो. अमेरिकेच्या कॉन्स्टेलेशन वर्गाच्या फ्रिगेटीची बांधणी 2022 मध्ये सुरू झाली तेव्हा रचना पुरी झालेली नव्हती. मूळ कल्पना युरोपात सेवेत असलेल्या फ्रिगेटीवर बेतलेली नौका घेण्याची होती. बदल होत होत तिचे मूळ नौकेशी साम्य फारच थोडे उरले. वजन 10 टक्क्यांहून जास्त वाढल्याचे अमेरिकी सरकारच्या लेखा-तपासणी संस्थेने 2024 मध्ये नोंदवले. त्याआधी किनारी युद्धनौकांच्या कार्यक्रमातही हेच झाले होते. एका नौकेला 22 कोटी डॉलर असे उद्दिष्ट होते. रचना आणि बांधणी एकाच वेळी चालू असताना नियम बदलले, आणि पहिल्या नौकांचा खर्च त्याच्या दुपटीहून वर गेला.

भारतीय नौकांचे मूळ अंदाज इतके का वाढले?

'शिवालिक' वर्गाच्या तीन फ्रिगेटींचा मंजूर खर्च 2,250 कोटींवरून 8,101 कोटींवर गेला. 'कोलकाता' वर्गाच्या तीन विनाशिकांचा 3,580 कोटींवरून 11,662 कोटींवर. 'विक्रांत'चा 3,261 कोटींवरून 19,341 कोटींवर. हे आकडे वाचून लोक लगेच गोदीला दोष देतात. मला तो पुरता पटत नाही.

'कोलकाता' वर्गाबाबत सरकारने दिलेली कारणे पाहा: रशियाकडून युद्धनौकेच्या दर्जाचे पोलाद यायला उशीर, रशियन तज्ज्ञांच्या सेवेचा वाढलेला खर्च, ऑक्टोबर 2003 पासून लागू व्हायची वेतनवाढ आणि शस्त्रे-सेन्सर यांची उशिरा ठरलेली किंमत. यातले शेवटचे कारण मोलाचे आहे. ज्या शस्त्रांची निवडच झालेली नाही, त्यांची किंमत पहिल्या अंदाजात कशी असणार? आणि शस्त्रे ठरलेली नसतील तर त्यांखालची डेकची मजबुती, पाये, डेकमधली भोके यांची ड्रॉइंगही अपुरीच राहणार. सांगाड्याच्या खर्चाला धक्का बसतो तो असा मागच्या दाराने.

गोदीचा आणि मंत्रालयाचा दोष एवढाच, आणि तो लहान नाही, की पहिला आकडा मर्यादा म्हणून जाहीर झाला. त्यात काय धरलेले नाही हे तितक्याच ठळकपणे सांगितले गेले नाही.

महागाई कशी धरायची?

सगळा अंदाज एका पायाभूत वर्षाच्या किमतीत करावा, मग वर्षवार खर्चाचा आराखडा मांडून प्रत्येक घटकाला त्याचा निर्देशांक लावावा. मजुरी, पोलाद आणि परकीय चलनातल्या वस्तू यांना एकच टक्का लावणे चूक. सर्वसाधारण महागाईही पुरत नाही. अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेच्या 2006 च्या अभ्यासानुसार अमेरिकी युद्धनौकांचा खर्च आधीच्या 50 वर्षांत दरवर्षी 7 ते 11 टक्क्यांनी वाढत होता, कारण किमतींबरोबर नौकेकडून असलेल्या अपेक्षाही वाढत होत्या.

परदेशातल्या नौकेच्या किमतीशी तुलना करता येते का?

वर्तमानपत्री आकड्यांवरून नाही. एका किमतीत शस्त्रे, सुटे भाग, प्रशिक्षण असते, दुसऱ्या किमतीत फक्त नौका. सांगाड्यापुरती तुलना करायची असेल तर टनामागचे मनुष्य-तास पाहावेत, तेही सारख्या घनतेच्या नौकांचे.

कराराचा प्रकार अंदाजावर परिणाम करतो का?

करतो. खर्च अधिक नफा अशा करारात वाढलेला खर्च ग्राहक भरतो, त्यामुळे अंदाज चुकल्याची झळ गोदीला कमी बसते. ठरावीक किमतीच्या करारात जोखीम गोदीची, म्हणून गोदी आकड्यात थोडी जास्तीची रक्कम धरून ठेवते. रचना अपुरी असताना ठरावीक किंमत मागणे दोघांच्याही हिताचे नाही: गोदी एक तर फुगवून सांगेल किंवा तोट्यात जाऊन वेळ काढेल. सांगाड्याची किंमत ठरावीक आणि न ठरलेल्या यंत्रणांची बदलती, असा मधला मार्ग मला जास्त योग्य वाटतो.

विद्यार्थ्याने सुरुवात कुठून करावी?

एका साध्या पॅनेलपासून. स्प्रेडशीट उघडा, प्लेटचे निव्वळ आणि ढोबळ वजन काढा, कापणीची आणि वेल्डची लांबी मीटरमध्ये लिहा, प्रत्येक ओळीपुढे आकडा कुठून आला ते नोंदवा: मोजलेला, जुन्या कामावरून घेतलेला की गृहीत धरलेला. मुंबई किंवा वास्कोच्या गोदीत प्रशिक्षणाची संधी मिळाली तर आठवडाभर एकाच ब्लॉकजवळ उभे राहा आणि फिटरला विचारा की आज काम कशामुळे थांबले. ती उत्तरे तारखेसह लिहून ठेवा. अंदाजपत्रकात "विलंब" या एका ओळीखाली जो टक्का तुम्ही पुढे लिहाल, तो त्याच वहीतून यायला हवा.